पालेगावच्या वहाळातले मुठे

पीएचडीसाठी मी मुठ्यांवर काम करतेय हे पहिल्यांदा सांगितलं, तेव्हा मामी इतकी हसली की तिला पदर तोंडाला लावावा लागला. मुठे म्हणजे गोड्या पाण्यातले खेकडे, शेताच्या बांधात नाहीतर वहाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठी बिळं करून राहणारे. अंबरनाथजवळच्या पालेगावात, माझ्या आजोळी, ते कालवणात जायचे. त्यांचा अभ्यास करून कुणी डॉक्टर होतं, हे तिला काही केल्या पटेना.

"मंग मी किती वर्सांची डॉक्टर गो?" ती म्हणाली. "मना नाय कुणी डिग्री दिली."

मी तेव्हा उल्हासनगरच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर प्राणिशास्त्र शिकवत होते. घर बदलापूरला. माझ्या गाइड मॅडम उल्हासनगरलाच, कॅम्प पाचमध्ये राहायच्या आणि आमच्या बहुतेक चर्चा त्यांच्या घरीच व्हायच्या. खाली जीन्स शिवायचा कारखाना होता, त्यामुळे मशिनींच्या घरघरीवर आवाज चढवून बोलावं लागायचं. विषय त्यांनीच सुचवला होता. समुद्रातल्या खेकड्याची पिल्लं पाण्याबरोबर वाहत कुठल्या कुठे जातात. मुठ्याचं तसं नाही. मादी पिल्लांना पोटाशी धरून ठेवते, आणि ती सुटतात तीच चिमुकले मुठे होऊन. त्याच काठाला बिळं करतात, तिथेच मरतात. त्यामुळे एका वहाळातले मुठे आणि टेकडीपलीकडच्या वहाळातले मुठे हजारो वर्षं एकमेकांना भेटलेलेच नसतात. हा दुरावा त्यांच्या डीएनएत बारीक बारीक बदलांच्या रूपाने साठत जातो. तो वाचायचा, हे माझं काम.

नमुने तीन ठिकाणचे घ्यायचे ठरले. मलंगगडाच्या पायथ्याचे, बदलापूरच्या बाजूच्या ओढ्यांचे आणि पालेगावचे. पालेगाव निवडण्यामागे फार शास्त्र नव्हतं. तिथे मामा होता आणि तो मुठे धरून देईल हे मला माहीत होतं.

मामा अंबरनाथच्या एका कंपनीतून रिटायर झालेला, पण नोकरी करतानाही त्याने भात कधी सोडलं नव्हतं. मी गेले तेव्हा भात पिवळं पडायला लागलं होतं. शेताच्या खालच्या अंगाला वहाळ होता, उडी मारून ओलांडता येईल एवढाच. मामा काठावर पालथा पडायचा, बिळात कोपरापर्यंत हात घालायचा आणि मुठ्याला शिव्या देत देत त्याला बाहेर काढायचा. मी त्याचा मागचा एक पाय अलगद तोडून अल्कोहोलच्या नळीत टाकायची आणि मुठा परत सोडून द्यायची. पुढच्या वेळी कात टाकली की पाय पुन्हा येतो. मुठे मारायचे नाहीत, अशी आमच्या कामाला परवानगी देताना अटच घातली होती.

"पाय ठेवतंस नि मुठा सोडतंस?" मामा कळवळून म्हणाला. "उलटं कर ना गो!"

नऊ पाय मिळाले. माझं झाल्यावर मामाने आणखी थोडे मुठे धरले, ते मामीने कालवणात घातले. त्या दिवशी मी दोनदा भात मागून घेतला.

प्रयोगशाळेतली कामं उरकून सगळ्या मुठ्यांच्या डीएनएचा एकच ठरावीक तुकडा वाचून यायला बराच काळ गेला. मग एके दुपारी मॅडमच्या जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून मी ते सगळं प्रोग्रॅममध्ये घातलं आणि पडद्यावर नेटवर्क उमटलं.

हॅप्लोटाइप नेटवर्क दिसायला फार साधं असतं. वर्तुळं आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा. ज्या ज्या मुठ्यांचा तो तुकडा अक्षरन् अक्षर सारखा, ते सगळे एका वर्तुळात. जितके मुठे जास्त, तितकं वर्तुळ मोठं. दोन वर्तुळांमधल्या रेघेवर छोट्या आडव्या खुणा असतात, एक खूण म्हणजे एका अक्षराचा बदल. आणि कधी कधी रेघेच्या मध्ये बारीक काळे ठिपके येतात. तो ठिपका म्हणजे असा मुठा, जो हिशेबाने असायलाच हवा होता, पण तुमच्या हाती लागलेला नाही.

बदलापूरच्या मुठ्यांचं एक भलंमोठं वर्तुळ आलं आणि त्याच्याभोवती एकेका बदलाच्या अंतरावर पिटुकली वर्तुळं, चांदणीसारखी. अशी चांदणी दिसली की समजायचं, थोडे होते ते अलीकडच्या काळात वाढले, पसरले. मलंगगडाचे त्यांच्या शेजारी, दोन-तीन खुणांवर. आणि पालेगावचे नऊच्या नऊ एकाच छोट्या वर्तुळात, पडद्याच्या पार कोपऱ्यात. तिथपर्यंत जाणारी रेघ खुणांनी नुसती भरलेली आणि तिच्यावर तीन काळे ठिपके.

मी मॅडमना हाक मारली. त्या कणकेचे हात घेऊन बाहेर आल्या आणि उभ्या उभ्याच बघत राहिल्या.

"मॅडम, हे वेगळेच आहेत. पार जुने आहेत हे!"

"जुने कसे म्हणतेस? या चित्राला सुरुवात कुठे आहे ते दाखव मला." त्या म्हणाल्या. "बाण आहेत का याच्यावर? कोण कुणापासून झालं हे यात लिहिलेलं नसतं. मोठं वर्तुळ म्हणजे पूर्वज नाही. तुला तिथे जास्त सापडले, एवढाच त्याचा अर्थ. आणि कोपऱ्यात आलं म्हणजे जुनं, हेही नाही."

"पण वेगळे तर आहेत ना?"

"वेगळे आहेत, किंवा तुझी चूक आहे, किंवा तू मधल्या ठिकाणी गेलीच नाहीस." हात न धुताच त्या खुर्चीवर बसल्या. "पालेगाव आणि बदलापूरच्या मध्ये किती नाले आहेत? तिथले मुठे आण. कदाचित हे तिन्ही ठिपके भरतील आणि तुझं पालेगाव हळूहळू बदलापूरला येऊन मिळेल. नाही भरले तर मग बोलू. आणि पालेगावचे अजून आण. नऊवर काही ठरत नाही."

त्या रागावल्यासारखं बोलत होत्या, पण त्यांनाही आनंद झाला होता. त्यांनी मला जेवूनच जायला लावलं.

पुढच्या पावसाळ्याची वाट बघायची होती, कारण उन्हाळ्यात मुठे बिळात खोल जाऊन बसतात. मधल्या काळात मामाची जागा बिल्डरच्या प्रोजेक्टमध्ये गेली. हे काही अचानक झालं नाही. आजूबाजूची शेतं आधीच गेली होती आणि चुलत भावांनी सह्या केल्यावर एकट्या मामाचा तुकडा तिथे राहून करणार काय होता? त्याला आणि मामीला जवळच्याच एका बिल्डिंगमध्ये पाचव्या मजल्यावर फ्लॅट मिळाला. मला हे सगळं माहीत होतं. शेत जाईल, पण वहाळ कसा जाईल, तो थोडाच कुणाच्या नावावर आहे, असं मी धरून चालले होते.

गेले तेव्हा पाऊस उघडलेला होता. मामा पायात चपला सरकवून लगेच माझ्याबरोबर निघाला. तो त्या बाजूला बऱ्याच महिन्यांत फिरकला नव्हता. आम्ही पोचलो तर निळ्या पत्र्यांचं कुंपण. आत मुरमाची भर घालून जमीन पुरुषभर वर आणलेली, तिच्यावर डंपरच्या चाकोऱ्या, लांब एक पिवळी क्रेन. मामा पत्र्याच्या कडेने चालत राहिला. थोडं पुढे गेला, परत आला. मग एका फटीतून आत बघू लागला.

"कुठे होता रे वहाळ?" मी विचारलं.

"थांब ना. बगतो." तो म्हणाला. आंब्याचं झाड शोधत होता. झाड नव्हतं. चिंचेवरून अंदाज घेऊ म्हणाला, तर चिंचही नव्हती. ज्या जमिनीवर तो जन्मभर अंधारातसुद्धा चालला असेल, तिथे त्याला आपलं शेत सापडेना.

गेटवरचा वॉचमन उठून आला. "चाचा, किधर जाना है?"

"अपने खेत में," मामा म्हणाला.

"यहाँ कोई खेत नहीं है, चाचा. ऑफिस उधर है, फ्लॅट देखना है तो."

मामाने माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे बघू शकले नाही. मी वॉचमनला पाण्याबद्दल विचारलं, इथे एक नाला होता म्हणून. त्याने हात करून दाखवलं. रस्त्याच्या कडेला सिमेंटच्या पाइपाचं तोंड होतं आणि त्यातून करडं पाणी गटारात पडत होतं. मी तरीही खाली उतरले. दोन्ही बाजूंना काँक्रीट होतं. बीळ करायला माती लागते. ती कुठेच नव्हती.

पालेगावचे आणखी नमुने मिळणार नव्हते. मग उरले ते मधले नाले. त्या पावसाळ्यात मी सुट्टीच्या दिवशी स्कूटर काढायची आणि मामा मागे बसायचा. मी त्याला बोलावलं नव्हतं. तोच म्हणाला, "घरान बसून काय करू? टीवी किती बगू?" बुवापाड्याच्या मागच्या बाजूचा नाला आम्ही बघितला. पाण्यावर फेस होता, मामाने काठ पायाने चाचपला आणि तो नुसता मान हलवत वर आला. तिथल्या एका बाईला मी मुठ्यांबद्दल विचारलं, तर ती म्हणाली, "इथं? इथं घुशी मिळतील, किती पाहिजेत?" कारखान्यांच्या मागून जाणाऱ्या एका ओढ्याला असा वास होता की आम्ही उतरलोच नाही. एका ठिकाणी पाणी बरं वाटलं. मामाने बिळात हात घातला आणि प्लास्टिकची पिशवी बाहेर काढली.

त्या दिवशी आम्ही एका टपरीवर चहा प्यायलो. मामाने ते चित्र बघायला मागितलं. मी मोबाइलवर नेटवर्क काढून दिलं. त्याला वर्तुळांचा अर्थ सांगितला.

"आपला कंचा?"

मी बोटाने मोठं करून दाखवलं. "हा."

तो बराच वेळ बघत राहिला. "येवढाच? बदलापूरवाल्यांचा बग केवढा काढलाय. आपला जरा मोठा काढ ना."

"मोठा नाही काढता येत, मामा. आपल्याला नऊच सापडले होते ना."

"नि हे काले ठिपके?"

"ते असणार होते. मध्ये कुठेतरी. मिळाले नाहीत."

"मेले?"

"सांगता येत नाही. असतील कुठेतरी, आपण पोचलो नसू. किंवा खूप पूर्वीच संपले असतील. दोन्ही सारखंच दिसतं यात."

मी उत्तर बरोबर दिलं होतं, मॅडमनी शिकवलेलं. पण बोलून झाल्यावर मला कळलं की मी त्याला काहीच सांगितलेलं नाही. त्याने मोबाइल परत दिला आणि उरलेला चहा ओतून टाकला. त्या वर्षी आम्हाला जे मुठे मिळाले ते सगळे बदलापूरच्या अंगाचे, डोंगराजवळचे. वाचून आल्यावर ते सगळे मोठ्या वर्तुळात जाऊन बसले. वर्तुळ आणखी मोठं झालं. ठिपके तसेच राहिले.

चूक असण्याची शक्यता अजून होती. डीएनएमध्ये कधी कधी अशा तुकड्याची एक खोटी प्रत दुसरीकडे पडलेली असते आणि तीच चुकून वाचली जाते. मग सगळंच वेगळं दिसतं. मला तेव्हा मनापासून वाटत होतं की चूकच निघावी. चूक निघाली असती तर काही गेलं नाही असं झालं असतं. उरलेल्या पायांतून मी पुन्हा डीएनए काढला, तुकडा वेगळ्या पद्धतीने वाचून घेतला, आणखी एक तुकडाही वाचला. चूक नव्हती. पालेगावचे मुठे खरोखरच वेगळे होते, इतके की बहुधा ती एक स्वतंत्र जातच होती.

मॅडमनी निकाल बघितला. या खेपेला त्या उठून आत गेल्या, तोंड धुऊन आल्या आणि मग बोलल्या.

"जात म्हणून मांडायची तर अख्खा प्राणी लागतो. नर लागतो. पाठ, नांग्या, पोटाखालचे अवयव, सगळं मोजून दाखवावं लागतं. तो संग्रहालयात ठेवावा लागतो, पुढे कुणालाही बघता यावा म्हणून. तुझ्याकडे काय आहे?"

"पाय," मी म्हणाले.

"पाय," त्या म्हणाल्या. "पायांवरून नाव देता येत नाही."

मुठे मारायचे नाहीत हा नियम चांगला होता. आजही मला तो चांगलाच वाटतो. आम्ही तो पाळला, एकेक मुठा जपून पाण्यात सोडला आणि वर्षभराच्या आत त्या पाण्यावर मुरूम पडला.

प्रबंध लिहिताना मॅडमनी सुचवलं की मुख्य चित्रातून पालेगाव काढू, परिशिष्टात टाकू. नमुना अपुरा आहे, परीक्षक त्यावरूनच धरतील. मी भांडले नाही. त्या सांगत होत्या ते शास्त्राला धरून होतं. पालेगाव काढल्यावर नेटवर्क सुरेख दिसायला लागलं, मधोमध चांदणी, शेजारी मलंगगड, सगळं आटोपशीर. परिशिष्टाच्या शेवटी एक वाक्य लिहायचं असतं, अशा वेळी सगळेच लिहितात ते: या ठिकाणाहून अधिक नमुने गोळा करणे आवश्यक आहे. ते टाइप करून मी दोनदा खोडलं. पण दुसरं कुठलं वाक्य तिथे बसत नव्हतं.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी परिशिष्ट वाचलं होतं. "हे फार इंटरेस्टिंग आहे," ते म्हणाले. "यावर पुढे काम करा." मी हो म्हणाले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कॉलेजात माझ्या नावाआधी डॉक्टर लागलं. नोकरी होती तशीच तासिकांवर राहिली.

मामीला पेढे द्यायला गेले तेव्हा मामा झोपला होता. सकाळी अकरा वाजता. मामी हळू आवाजात म्हणाली, "हल्ली असाच पडून रहातो. लिफ्टची भीती वाटते म्हनतो. खाली नाय, वर नाय." तो उठल्यावर मी त्याला सगळं सांगितलं, अख्खा मुठा नसल्यामुळे नाव देता आलं नाही हेही सांगितलं. सांगायला नको होतं की काय, मला अजून ठरवता येत नाही. त्याने पेढा खाल्ला, हात धोतराला पुसले.

पुढच्या पावसाळ्यात एका रविवारी मामीचा फोन आला. "तू ये गो लवकर. यानं बग काय आनलाय."

मी पोचले तर मामा दाढी करून, स्वच्छ सदरा घालून खुर्चीत बसला होता. बाथरूममध्ये बादली होती, तिच्यावर ताट झाकलेलं. ताट काढलं तर आत एक मोठा नर मुठा, दोन्ही नांग्या शाबूत.

"अख्खा हाय," मामा म्हणाला. "नर हाय. बगितलाय मी पोटाखाली."

रस्त्याच्या कडेला एक बाई मुठे विकायला बसली होती. त्याने तिला विचारलं कुठले म्हणून, ती म्हणाली इथलेच, मागच्या नाल्याचे. मग तो तिच्यापुढे उकिडवा बसला आणि एकेक मुठा उलटासुलटा करून त्याने हा निवडला. लिफ्टने वर आणला. एकट्याने.

"हाच ना? रंग बग. आपल्यासारकाच काला हाय."

रंग काळपट होता खरा. पण रंगावरून काही कळत नाही. चिखलाप्रमाणेही तो बदलतो. विकणारी बाई गिऱ्हाइकाला इथलेच म्हणून सांगणारच. हे सगळं मला माहीत होतं, तरी मी त्याला उचलून पुन्हा उलटा करून बघितला. पाइपाच्या वरच्या बाजूला कुठेतरी, एखाद्या रिकाम्या प्लॉटमध्ये, थोडी माती उरली असेल तर? अशक्य तर नव्हतं.

"तपासावं लागेल, मामा."

"तपास ना. मी कुठं नको म्हनतो?"

मॅडमनी काहीही न विचारता दुसऱ्या एका विद्यार्थिनीच्या नमुन्यांबरोबर माझी एक नळी पाठवली. निकाल येईपर्यंत मामा रोज फोन करायचा. मामी म्हणाली की तो आता सकाळी खाली उतरतो, गेटपर्यंत फेरी मारतो, जेवतो नीट. मुठा मी कॉलेजच्या फ्रीजरमध्ये ठेवला होता, व्यवस्थित चिठ्ठी लावून. चिठ्ठीवर जातीच्या जागी प्रश्नचिन्ह होतं. दोन-तीनदा फ्रीजर उघडून मी नुसतं त्याच्याकडे बघून आले.

निकाल आला तो वर्ग चालू असताना. तास संपल्यावर मी स्टाफरूममध्ये बसून त्याची अक्षरं बाकीच्यांशी जुळवून बघितली. एकही फरक नव्हता. बदलापूरचं मोठं वर्तुळ. त्यातला आणखी एक.

मी फोनवर सांगणार होते, पण तसं करवेना. संध्याकाळी रिक्षा करून पालेगावला गेले. दार मामानेच उघडलं. माझ्या चेहऱ्यावरून त्याला समजलं असणार, तो नुसता बाजूला झाला. मी आत जाऊन बसले.

"बदलापूरचा निघाला, मामा."

"बदलापूरचा," तो म्हणाला. "तिनं तर इथला म्हनून सांगितला."

"त्यांना तसं सांगावंच लागतं."

"हां." तो खुर्चीत बसला. मग म्हणाला, "मंग तो आता कशाला ठेवलास फ्रिजान?"

मामी चहा घेऊन आली. तिने दोघांकडे बघितलं आणि कप टेबलावर ठेवून ती परत आत गेली. खाली कुठेतरी नव्या बिल्डिंगच्या पायासाठी पायलिंगचं मशीन चालू होतं. त्याचा एकेक ठोका फरशीतून पायांना लागत होता. मामाने कप उचलला नाही. मी माझा चहा संपवला, कारण काहीतरी करायला हवं होतं. मग निघाले.